ऱ्योकानचं भाडं माणशी का असतं? गरम पाण्याच्या जपानी गावात मुक्कामाला जाण्याआधी

येन स्वस्त झाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जपानचा विषय सारखा निघतो. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० च्या वर येन मिळत होते. इतका स्वस्त येन १९८६ नंतर कुणी पाहिला नव्हता. त्या एका वर्षात जपानमध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, आणि त्यांत भारतातून गेलेले दोन लाखांच्या वर होते. तोक्यो, क्योतो, फुजी हे टूरवाल्याच्या कागदावर असतंच. हल्ली खाली आणखी एक ओळ दिसते: 'एक रात्र ऱ्योकानमध्ये, ओन्सेनसह'.

प्रश्न तिथून सुरू होतात. मावशीचा पहिला प्रश्न ग्रुपवरच आला. "खोलीचं भाडं विचारलं तर माणशी का सांगतात? आम्ही दोघं एकाच खोलीत झोपणार ना?" दुसरा तिनं ग्रुपवर विचारला नाही. वेगळा फोन केला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ते कपड्यांचं खरं आहे का रे?"

खरं आहे, गरम पाण्याच्या कुंडात अंगावर काहीही न घालता उतरतात. पण तिथपर्यंत सावकाश येऊ, कारण भाड्याचा प्रश्न आणि कपड्यांचा प्रश्न यांची मुळं शेवटी एकाच पाण्यात निघतात.

आधी दोन शब्द

ऱ्योकान म्हणजे जुन्या पद्धतीची जपानी मुक्कामाची जागा. 'दऱ्या'मधला 'ऱ्या' जसा म्हणतो तसाच हा 'ऱ्यो'. खोलीत पलंग नसतो. जमिनीवर तातामी, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या गवताच्या जाड चटया असतात आणि रात्री त्यांवर गाद्या घालतात. संध्याकाळचं जेवण आणि सकाळची न्याहारी तिथंच होते.

ओन्सेन हा शब्द जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याला वापरतात, त्या पाण्याच्या कुंडाला वापरतात आणि त्याभोवती वसलेल्या गावालाही. कायद्याची व्याख्या मात्र नेमकी आहे. १९४८ च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे जमिनीतून बाहेर पडताना पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात त्यात असावा. गंमत अशी की २५ अंश म्हणजे काहीच नाही. मे महिन्यात पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहून गरम असतं. आणि १९ घटकांची पळवाट असल्यामुळे हाताला थंड लागणारं पाणीही कायद्यानं 'गरम पाण्याचा झरा' ठरू शकतं. अशा ठिकाणी ते तापवून कुंडात सोडतात.

देशभरात असे २७ हजारांवर स्रोत आहेत. एकट्या बेप्पू शहरात दोन हजारांहून जास्त.

पाणी तापतं कसं?

पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि भेगांमधून खोल उतरतं. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, त्यामुळे खोल गेलेलं पाणी तापतं आणि वाट मिळाली की वर येतं. जपानखाली याच्या जोडीला ज्वालामुखींची भट्टी आहे. देशात १११ सक्रिय ज्वालामुखी मोजलेले आहेत. म्हणून तिथलं पाणी गावागणिक बदलतं. कुसात्सुचं इतकं आम्ल की लिंबाच्या रसाशी स्पर्धा करावी, कुठं लोहामुळे तांबूस, कुठं गंधकाचा वास, कुठं नुसतं खारट.

आपल्याकडेही ही कुंडं आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, तुरळ, राजापूर, जळगावकडचं उनपदेव. नावांतला 'उन' तोच, जो 'ऊन ऊन भाता'त आहे. त्यांच्याबद्दल एक समज पक्का आहे: सह्याद्री लाव्हापासून बनला, म्हणून पाणी गरम. तसं नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच गार झाला. कोकणातलं पाणी तापतं ते केवळ खोल भेगांत जाऊन परत आल्यामुळे. म्हणजे उन्हेऱ्यातलं पाणी आणि जपानी ओन्सेन यांची अर्धी गोष्ट सारखीच आहे, भट्टीचा भाग तेवढा वेगळा.

मग भाडं माणशी का?

दिवेआगरला किंवा गुहागरला घरगुती राहिला असाल तर उत्तर तुम्हाला अर्धं माहीत आहे. तिथं काकू फोनवर आधी विचारतात, "माणसं किती? शाकाहारी किती, मासे किती?" आणि खोलीचा विषय त्यानंतर निघतो. काकूंचा खरा खर्च आणि खरी मेहनत ताटात असते. ऱ्योकानचा हिशोब याच जातीचा आहे. त्याला तिकडे 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, 'एक मुक्काम, दोन जेवणं'. किंमत लागते ती त्या पूर्ण संध्याकाळ-सकाळीची, आणि खोली त्या संध्याकाळीचा एक भाग असते. बऱ्यापैकी ऱ्योकानला माणशी १५ ते ३० हजार येन पडतात. २० हजार येन म्हणजे साधारण ११-१२ हजार रुपये. शिवाय माणशी दिवसाला साधारण १५० येनचा स्नानकर असतो. त्यासाठी कुणी फसवतंय असं समजू नका. तो स्थानिक पालिकेचा कर आहे.

काकूंची उपमा इथपर्यंत चालते. पुढे ऱ्योकान जास्त कडक होतं. दुपारी तीनला प्रवेश. खोलीत चहा आणि एखादी गोड वडी ठेवलेली असते, ती आंघोळीआधी खावी म्हणतात, उपाशीपोटी गरम पाण्यात उतरलं की चक्कर येते. मग स्नान. सहा-साडेसहाला जेवण, आणि ही वेळ खरीच असते. जेवण काइसेकी पद्धतीचं, म्हणजे एकामागून एक येणारे छोटे छोटे पदार्थ, ऋतूप्रमाणे ठरलेले. स्वयंपाकघर मोजक्या माणसांसाठी त्या दिवसापुरतं आणतं. रात्री नऊला पोचून "काही गरम आहे का?" विचारलं तर बिचारे ओशाळतील, पण गरम काही नसेल. आपण जेवत असतो तेव्हा कुणीतरी येऊन गाद्या घालून जातं. सकाळी आठच्या सुमाराला न्याहारी, आणि दहाला बाहेर.

हे सगळं चालवणाऱ्या मालकीणबाईंना ओकामी म्हणतात. त्या दाराशी वाकून स्वागत करतात आणि निघताना गाडी वळेपर्यंत हात हलवतात. खोलीत वाढणाऱ्या, गाद्या घालणाऱ्या बायका म्हणजे नाकाइ. बक्षिसी द्यायची सक्ती नाही, सेवेचे पैसे दरातच धरलेले असतात.

"पण मला बाहेर जेवायचं असेल तर?" त्यासाठी 'सुदोमारी' असा जेवणाविना दर बऱ्याच ठिकाणी मिळतो. स्वस्त पडतो. माझ्या मते मात्र आयुष्यात एकदाच ऱ्योकानला जाणार असाल तर जेवण सोडू नका. तेवढं सोडलं तर उरतं ते जमिनीवर झोपणं, आणि ते आपल्याला घरी फुकट जमतं.

शाकाहारी माणसानं काय करायचं?

हा प्रश्न गंभीर आहे, आणि यावर टूरवाले फार सहज बोलतात. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं सार. ते बहुधा सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. त्यामुळे पानात फक्त भोपळा आणि पालक दिसला तरी तो माशाच्या साराचा असू शकतो. वाढणारीच्या मनात काही कपट नसतं. तिच्या दृष्टीनं ती भाजीच आहे.

म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. बुकिंग करतानाच 'मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, अंडं चालतं किंवा नाही' असं तोडून लिहावं. समुद्रशैवालाची, म्हणजे कोंबूची, आणि सुक्या मशरूमची दाशी करता येते, पण आदल्या दिवशी कळवून नाही. काही ऱ्योकान स्पष्ट नाही म्हणतात. तो अपमान समजू नये. खोटं 'हो' म्हणण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. बौद्ध मठांतल्या शोजिन जेवणात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा, लसूण आणि त्यांच्या उग्र भाईबंदांनाही मज्जाव असतो. आपल्या चातुर्मासाशी त्याचं छान जमतं. कोया पर्वतावरच्या मठांमध्ये मुक्काम करून ते जेवता येतं. बटाटा-गाजर वर्ज्य असणाऱ्यांनी तेवढं वेगळं सांगावं लागेल.

जिथं अख्खं गावच एक ऱ्योकान आहे

आता पाण्याकडे येऊ, आणि त्यासाठी मी एकच गाव घेतो. किनोसाकी. ह्योगो प्रांतात, तोयोओका शहराच्या हद्दीत, जपान समुद्राच्या किनाऱ्याजवळ. क्योतोहून जलद गाडीनं अडीच तास. मधून एक छोटी नदी, काठावर वाकलेल्या विलोच्या झाडांची रांग, त्यावर दगडी कमानीचे पूल.

किनोसाकीचे लोक आपल्या गावाचं वर्णन असं करतात: स्टेशन हे दार, रस्ते हे घरातले बोळ, ऱ्योकान या खोल्या, दुकानं हा कोपऱ्यातला गल्ला, आणि सार्वजनिक कुंडं हे मोठं न्हाणीघर. गावात अशी सात कुंडं आहेत. त्यांना 'सोतोयु' म्हणतात, बाहेरचं पाणी. ऱ्योकानच्या आत जे कुंड असतं ते 'उचियु', आतलं पाणी. ऱ्योकानमध्ये राहणाऱ्याला सातही सोतोयुंचा पास मिळतो, वेगळे पैसे नाहीत. संध्याकाळ झाली की युकाता नावाचा सुती झगा घालून, पायात लाकडी गेता चढवून लोक एका कुंडातून दुसऱ्या कुंडाकडे निघतात. गेतांच्या आवाजाला जपानीत 'कारान-कोरोन' म्हणतात. आपल्या खडावांना 'खट् खट्' म्हणतो, पण हे जास्त गोड आहे हे मान्य करायला हवं.

प्रत्येक कुंडाची एक कथा आहे. कोनोयुची मला आवडते: एक करकोचा जखमी पाय त्या पाण्यात बुडवून बसायचा आणि बरा होऊन उडून गेला, ते पाहून माणसांना पाण्याचा पत्ता लागला. याला एक कडू-गोड शेपूट आहे. जपानमधला शेवटचा रानटी करकोचा याच तोयोओका भागात १९७१ मध्ये मेला. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले करकोचे २००५ पासून पुन्हा मोकळे सोडले. आता ते भातखाचरांत दिसतात. पाणी शोधून देणाऱ्या पक्ष्याला माणसांनी आधी संपवलं आणि मग परत आणलं.

आता खरी गोष्ट. २३ मे १९२५ ला या भागात मोठा भूकंप झाला. लाकडी गाव, त्यात दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होत आलेली. आग लागली आणि किनोसाकी जवळजवळ सगळं जळालं. गाव पुन्हा उभं राहत असतानाच, १९२७ मध्ये, एका ऱ्योकानानं आपल्या आवारात स्वतःचं उचियु काढलं. आपल्याला आज यात काही गैर वाटणार नाही. गाव मात्र पेटून उठलं. तोपर्यंतची रीत अशी होती की ऱ्योकान फक्त झोपायला आणि जेवायला, स्नान सगळ्यांचं बाहेर, सामाईक कुंडात. मालकाचं म्हणणं: माझ्या जमिनीत निघालेलं पाणी माझं. गावाचं म्हणणं: खाली पाणी एकच आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या गावाचं आहे.

महाराष्ट्रातल्या कुणालाही हा वाद समजावून सांगावा लागू नये. शेजाऱ्यानं दोनशे फूट बोअर मारली की आपली विहीर आटते, आणि कागदावर दोघंही बरोबर असतात. खालचं पाणी सातबारा वाचत नाही.

हे भांडण कोर्टात गेलं आणि मधे एक महायुद्ध होऊन गेलं तरी मिटलं नाही. १९५० मध्ये समेट झाला. पाण्याचा ताबा गावाच्या सामाईक संस्थेकडे राहिला, आणि ऱ्योकानांना आत कुंड ठेवायची मुभा मिळाली, पण मर्यादेत. म्हणूनच आजही किनोसाकीतल्या भारी ऱ्योकानमध्येही आतलं कुंड गावाच्या मानानं लहानच असतं, आणि गिऱ्हाईकाला रस्त्यावर पाठवलं जातं. त्या गर्दीवर बाकीचं गाव जगतं: आइस्क्रीमवाला, खेळण्यातल्या बंदुकांचं दुकान, आंघोळ करून बाहेर पडलेल्याला गार दूध विकणारी बाई. उचियु मोकळं सोडलं असतं तर दोन-तीन मोठ्या हॉटेलांनी पाहुण्याला सकाळपर्यंत आतच ठेवलं असतं. जपानमधल्या अनेक ओन्सेन गावांचं १९७०-८० च्या दशकांत नेमकं असंच झालं. मोठाल्या काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, आत बार, आत दुकानं, आणि बाहेरचा रस्ता ओस.

आता ते कपड्यांचं

पाणी सामाईक आहे हे एकदा डोक्यात बसलं की स्नानाचे सगळे नियम आपोआप सुटतात.

आपली अंघोळ म्हणजे साबण, तांब्या, घासणं. तिकडे ते सगळं पाण्यात उतरण्याआधी उरकायचं. भिंतीलगत नळ, समोर छोटं स्टूल. त्यावर बसायचं, डोक्यापासून पायापर्यंत साबणानं घासायचं, फेसाचा थेंबही राहू नये असं धुवायचं, आणि मग कुंडात. थोडक्यात, अंघोळ करून मग अंघोळीला जायचं. आजोळच्या विहिरीत पोहायला उतरण्याआधी आजोबा आम्हाला बाहेर पाटावर बसवून पाय घासायला लावत, कारण तेच पाणी संध्याकाळी हंड्यात येणार असे. तोच न्याय.

पोहण्याचे कपडे का चालत नाहीत? याच कारणानं. कापडात साबण राहतो, धूळ राहते. केस लांब असतील तर वर बांधायचे. सोबत छोटा पंचा देतात, तोही पाण्यात बुडवायचा नाही. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. फोटोत ते मजेशीर दिसतं, पण बाकी कुठं ठेवणार?

पुरुषांचं आणि बायकांचं कुंड वेगळं असतं, दारावरच्या पडद्यावर अक्षर असतं. 男 पुरुषांचं, 女 बायकांचं. एवढी दोन अक्षरं पाठ करून जा, कारण बऱ्याच ऱ्योकानमध्ये रात्री आणि सकाळी कुंडांची अदलाबदल होते, आणि काल रात्रीच्या सवयीनं सकाळी आत शिरलात तर जन्मभराची गोष्ट होईल.

"लाज नाही वाटत?" पहिली पाच मिनिटं वाटते. मग लक्षात येतं की कुणी बघत नाही. वाफ असते, जो तो आपापल्या पाण्यात डोळे मिटून बसलेला असतो, आणि न बघणं हाच तिथला शिष्टाचार आहे. तरीही नकोच वाटत असेल तर जबरदस्ती नाही. 'काशिकिरी' म्हणजे आपल्यापुरतं कुंड, पाऊण-एक तासासाठी मिळतं, आतून कडी लावता येते. नवरा-बायको, लहान मुलं, आई-वडील यांच्यासाठी मी सरळ तेच सुचवतो. बुकिंग करतानाच विचारावं.

गोंदणाचा प्रश्न मात्र खरोखर अडतो. जपानमध्ये अंगभर गोंदवणं याकुझा टोळ्यांशी जोडलं गेलं, म्हणून कुंडांवर 'गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या. २०१५ मध्ये तिथल्या पर्यटन खात्यानं पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के ठिकाणी मनाई होती. त्याआधी २०१३ मध्ये होक्काइदोत न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी समाजातल्या एका पाहुणीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. आमच्या आजीच्या कपाळावर आणि हातांवर हिरवं गोंदण होतं. तिला कुणी गुंड ठरवलं असतं तर काय झालं असतं या कल्पनेनंच मला हसू येतं. किनोसाकीची सातही कुंडं गोंदणाला अडवत नाहीत. इतरत्र आधी विचारा. लहान गोंदण असेल तर वर चिकटपट्टी लावून काही ठिकाणी चालतं.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. ऐकायला कमी वाटतं, पण गळ्यापर्यंत बुडाल्यावर ते चांगलंच भाजतं. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं पुरे. दारू पिऊन उतरू नये, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जावं. गरोदर बायकांना मनाई असल्याचं जुन्या पाट्यांवर दिसतं. ते कलम २०१४ मध्ये अधिकृत यादीतून काढलं गेलं. तरी आपल्या डॉक्टरांना विचारण्यात काही जात नाही.

युकाता घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटी घेतात ती मृताला घालताना, आणि तुम्ही तशी घातलीत तर नाकाइबाई धावत येऊन नीट करतील. चपला दाराशी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की आत सपाता देतात, त्या तातामीवर पाय ठेवण्याआधी काढायच्या, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. त्या घालून बाहेर येणं ही परदेशी पाहुण्यांची सर्वांत जुनी चूक आहे. भिंतीतल्या थोड्या उंच कोनाड्यात, जिथं चित्र आणि फुलदाणी असते, तिथं बॅग ठेवायचा मोह होतो. त्या जागेला देव्हाऱ्याइतका मान द्या.

पाणी खरंच जमिनीतलं असतं का?

ही शंका रास्त आहे, आणि ती आधी जपानी लोकांनाच आली. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध गावात उघड झालं की पाण्याचा पांढरा रंग फिका पडल्यावर काही कुंडांत पावडर टाकली जात होती. देशभर संताप झाला. त्यानंतर २००५ पासून कुंडाच्या ठिकाणी लिहून लावणं बंधनकारक झालं: वेगळं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, तेच पाणी गाळून फिरवतायत का, काही घातलंय का.

स्रोतातून आलेलं पाणी एकदा वापरून वाहून जाऊ देणं, याला 'गेनसेन काकेनागाशी' म्हणतात, आणि जाहिरातीत हे शब्द सोन्याच्या भावानं विकतात. पाणी फिरवून वापरणं मात्र फसवणूक नव्हे. पाणी कमी असेल तर दुसरा मार्ग नसतो. फक्त ते स्वच्छ ठेवावं लागतं. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातलं एक नामांकित ऱ्योकान कुंडाचं पाणी वर्षातून दोनदाच बदलत असल्याचं उघड झालं. नियम आठवड्यातून किमान एकदाचा. तिथल्या पाण्यात लेजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जंतू मर्यादेच्या ३,७०० पट सापडले होते. म्हणून भिंतीवरची पाटी जपानीत असली तरी फोन तिच्यासमोर धरून भाषांतर करून वाचा. कंटाळवाणी असते, पण हॉटेलच्या तारांकनांपेक्षा जास्त खरं सांगते.

इतकं जुनं, मग टिकलंय कसं?

टिकलंय असं सरसकट म्हणता येत नाही. यामानाशीतलं केइउनकान हे ऱ्योकान इ.स. ७०५ मध्ये सुरू झालं. वेरूळचं कैलास लेणं त्यानंतर कोरलं गेलं. इशिकावातलं होशी ७१८ सालचं. ही नावं मिरवायला छान, पण १९८० च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांवर ऱ्योकान होती, ती २०१८ पर्यंत ४० हजारांच्या खाली आली. मुलं शहरात गेली, ओकामीची गादी घ्यायला कुणी नाही, स्वयंपाकी मिळत नाहीत.

मग पाहुण्यांची लाट आली, आणि तिनं वेगळाच पेच आणला. यामागाताच्या गिन्झान या चिमुकल्या गावात बर्फातले फोटो काढायला इतकी झुंबड उडाली की २०२४-२५ च्या हिवाळ्यात दिवसापुरत्या येणाऱ्यांवर बंधनं घालावी लागली, आणि रात्री फक्त मुक्कामी पाहुणेच राहू दिले. दुसरीकडे नव्या गिऱ्हाइकाला हवं असतं खोलीतलं कुंड, सज्जात, स्वतःपुरतं. सागा प्रांतातल्या उरेशिनोत स्रोतातली पाण्याची पातळी काही वर्षांत सुमारे पाचव्या हिश्श्यानं उतरल्याच्या बातम्या आल्या, आणि अशा खासगी कुंडांकडे बोटं दाखवली गेली. किनोसाकीचं १९२७ चं भांडण पुन्हा, फक्त या वेळी मालकाच्या जागी खोलीगणिक एक पाहुणा.

माझा स्वतःचा कल उघड आहे. खोलीतल्या कुंडासाठी दुप्पट मोजण्यापेक्षा सोतोयु असलेलं गाव घ्यावं, आणि लाजेपुरता एक काशिकिरीचा तास. पण ज्यांना गुडघ्यांमुळे स्टूलवर बसता येत नाही, ज्यांना सोबत मदतनीस लागतो, त्यांनी खोलीतलं कुंड घेतलं तर त्यांना कुणी बोल लावू नये.

मावशीनं शेवटी किनोसाकीच ठरवलं, एप्रिलमध्ये. तिथला खेकड्याचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असतो, तेव्हा दर चढतात आणि ताटात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेकडाच असतो. काका माळकरी, त्यांना त्याचा काय उपयोग? दाशीचा मजकूर आम्ही तीन वेळा लिहून पाठवला. होकार आला, कोंबूची करू म्हणून.

काल पुन्हा फोन आला. तिनं नकाशा काढून कुंडांवर खुणा केल्या होत्या. प्रत्येक कुंड आठवड्यातून एक दिवस बंद असतं हेही तिनं शोधून ठेवलं होतं.

"म्हणजे एका दिवसात सहाच होतील," ती म्हणाली. "सहा वेळा अंघोळ!"

"बारा," मी म्हटलं. "प्रत्येक ठिकाणी आधी एक, मग एक."